दादाचा रिपोर्ट

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचा वारसा ठरलेला होता. नाक आजीचं, राग मोठ्या काकांचा, अक्षर वडिलांचं आणि स्मरणशक्ती आईच्या माहेरची. ही वाटणी कोणी आणि कधी केली ठाऊक नाही, पण तिच्यावर अपील नव्हतं. मामांना पंचांग न उघडता तिथी सांगता यायची. आईला अख्ख्या वाड्यातल्या मुलांचे वाढदिवस पाठ. दादाला एखादं सुभाषित दोनदा वाचून यायचं, म्हणजे तो आईवर गेला. मला त्यासाठी आठवडा लागायचा, म्हणजे मी वडिलांवर. जनुक हा शब्द आमच्या घरात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून अनुवंशशास्त्र ओसरीवर बसून पान जमवत होतं.

त्या आईलाच पुढे विसर पडू लागला. आधी दुधाचा हिशेब, मग लग्नपत्रिकांमधली नावं, मग गॅसवर ठेवलेली आमटी. सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे सगळ्यांनी ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून दिलं. शेवटी मीच तिला मेमरी क्लिनिकमध्ये नेलं. समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ मुलगी नातीच्या वयाची. तिने सावकाश, मध्ये नेमका तेवढाच अवकाश ठेवत दहा शब्द वाचले. बादली, शिपाई, डोंगर, साबण असे, एकमेकांशी काहीही नातं नसलेले. आईने पाच सांगितले. पुन्हा वाचले, तेव्हा सहा. पुन्हा वाचले, तरी सहाच. मग त्या मुलीने मुद्दाम विषय बदलला. घड्याळ काढायला लावलं, एकात एक अडकलेले पंचकोन उतरवून घ्यायला लावले. बऱ्याच वेळाने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘आजी, मघाशी मी काही शब्द सांगितले होते. त्यातले कोणते आठवतात?’ आईने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. ‘शब्द कुठले गं? तू तर मला चित्रं काढायला सांगत होतीस.’

त्याच संध्याकाळी देवापुढे बसून आईने रामरक्षा म्हटली. एकाही अक्षराला अडखळली नाही. त्यावर घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं, आणि ते हुश्श चुकीच्या जागी होतं. सातव्या-आठव्या वर्षी, दिवेलागणीला परवचा म्हणताना जे मुरलेलं असतं ते शेवटपर्यंत टिकू शकतं; अडीचकीसुद्धा टिकते. पहिला फटका बसतो तो नव्याला. आज सकाळी कोण आलं होतं, आत्ता वाचलेले शब्द कोणते, हे पंधरा-वीस मिनिटं मध्ये गेल्यावर परत काढता येणं, हे मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या चिमुकल्या भागाचं काम. तिथे झीज सुरू झाली की रामरक्षा राहते आणि बादली-शिपाई जातात. म्हणून परीक्षकांना त्या ‘मघाशी सांगितलेल्या’ शब्दांचं एवढं मोल असतं. आपल्याकडे पाठांतराला भारी मान. तो असावा, पण म्हाताऱ्या माणसाची परीक्षा पाठांतरावर घेऊ नये.

आई गेली. काही वर्षांनी न्यू जर्सीहून दादाचा रिपोर्ट आला. अमेरिकेत नळीत थुंकी भरून टपालाने पाठवायची आणि आपल्या वंशावळीचा कागद मागवायचा, हे आता वाढदिवसाची भेट म्हणून देतात. दादाला ती त्याच्या मुलीने दिली. तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अशा घरपोच चाचण्यांना अल्झायमरचा धोका कळवायची परवानगी दिली. मात्र रिपोर्टच्या त्या भागाला वेगळं कुलूप असतं. आधी चार पानं वाचायची, ‘होय, मला हे पाहायचं आहे’ असं कबूल करायचं, मग ते उघडतं. दादाने कबूल केलं. त्याला आयुष्यात कुठलंही पाकीट न उघडता ठेवता आलेलं नाही. आत लिहिलं होतं: एपीओई, ई-चारची एक प्रत.

या एपीओईबद्दल मी नंतर बरंच वाचलं. हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याचं रोजचं काम अगदी संसारी आहे. शरीरात आणि मेंदूत चरबी, कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणाऱ्या एका प्रथिनाची कृती ते सांभाळतं. ते प्रथिन २९९ अमिनो आम्लांचं. माणसांत त्याचे मुख्य प्रकार तीन: ई-दोन, ई-तीन, ई-चार. ११२ आणि १५८ या दोन जागांवर सिस्टिन आहे की आर्जिनिन, तिघांमध्ये फरक म्हणाल तर एवढाच. बहुतेकांकडे ई-तीन असतं. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ॲलन रोझेस यांच्या गटाने उतारवयातल्या अल्झायमरशी ई-चारचं नातं दाखवलं आणि तेव्हापासून बिचाऱ्याचं नाव जे खराब झालं ते झालंच. एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, आई-वडील दोघांकडून मिळून दोन असतील तर आठ ते बारा पट, असं सांगतात. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले. आणि धोका म्हणजे निकाल नव्हे. ई-चार घेऊन नव्वदीत शब्दकोडी सोडवणारे आहेत, आणि ई-चार नसताना नातवंडांची नावं विसरलेलेही आहेत.

पण माझा प्रश्न आजाराचा नव्हता. दादा धडधाकट आहे. टॅक्स स्वतः भरतो, गाडी चालवतो, वहिनीशी भांडताना पंचवीस वर्षांपूर्वीचे पुरावे काढतो. अशा माणसाच्या स्मरणावर हे जनुक आज, या घडीला काय करत असतं?

फार नाही, असं उत्तर निघतं. निरोगी वृद्धांच्या कितीतरी अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली तर ई-चारवाले घटनांच्या आठवणीत सरासरीने थोडे मागे दिसतात. थोडे म्हणजे इतके थोडे, की एखाद्याचे गुण पाहून त्याचं जनुक ओळखता येणार नाही. या शतकाच्या सुरुवातीला स्मरणाच्या जनुकांची मोठी लाट आली होती. २००३ मध्ये बीडीएनएफ, २००६ मध्ये किब्रा. वर्तमानपत्रांनी तेव्हा स्मरणशक्तीची किल्ली सापडल्याचं छापलं; पुढच्या तपासण्यांत ती किल्ली बरीच झिजली. ई-चार मात्र टिकून आहे, सावलीएवढं, पण आहे.

त्याचा सगळ्यात सुंदर पुरावा स्कॉटलंडमधला. १ जून १९३२, बुधवार. त्या दिवशी देशातल्या १९२१ मध्ये जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांनी एकच बुद्धिमापन परीक्षा दिली. मुलं ८७,४९८. परीक्षा झाली, गुण लिहिले गेले, कागद बांधून ठेवले आणि जग पुढे गेलं, महायुद्धाकडे. साठ-पासष्ट वर्षांनी इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांनी ते जाडजूड खतावणीसारखे ग्रंथ बाहेर काढले आणि त्या अकरा वर्षांच्या मुलांना शोधायला सुरुवात केली. मुलं आता ऐंशीला टेकत आलेली. १ जून १९९८ रोजी ॲबरडीनच्या म्युझिक हॉलमध्ये त्यातल्या काहींना बोलावलं आणि त्यांची तीच परीक्षा पुन्हा घेतली. तेच प्रश्न, तीच पाऊण तासाची वेळ. मला त्या सभागृहाचा विचार करायला फार आवडतं. चष्मे, काठ्या, थरथरणारी पेन्सिल, आणि शेजारच्याच्या कागदात डोकावणारा एखादा. कारण ती सवय पासष्ट वर्षांत जात नाही.

१९३२ची परीक्षा दिलेल्या वृद्धांची जनुकंही पाहिली. २००२ मध्ये डिअरींनी मांडलं ते असं: अकराव्या वर्षीच्या गुणांशी ई-चारचा काही संबंध नव्हता. ई-चारवाली मुलं इतरांइतकीच हुशार होती. ऐंशीच्या सुमारास मात्र ती थोडी मागे पडली होती. (ही परीक्षा बुद्धीची, निव्वळ स्मरणाची नव्हे, हे खरं.) म्हणजे हे जनुक बालपणी गप्प बसतं आणि उतरणीला लागल्यावर बोलू लागतं. त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. म्हातारपणी माणसामाणसांत जो बुद्धीचा फरक दिसतो, त्यातला जवळजवळ अर्धा अकराव्या वर्षीच दिसत होता. उरलेल्या अर्ध्यात आयुष्यभराचं सगळं आलं: शिक्षण, आजार, सिगारेट, सोबत, नशीब. ई-चारचा वाटा त्यातली एक फोड.

मग दादाला काय झालं?

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दादा दरवर्षी नाट्यपदं म्हणतो. तीन-चार पदं, तीही लांबलचक, ताना-बिनांसकट, आणि समोर वही कधी नाही. वहीवाल्यांची तो टिंगल करायचा. रिपोर्टनंतरच्या गणपतीचा व्हिडिओ वहिनीने पाठवला. दादाच्या पुढ्यात स्टँड होता आणि त्यावर मोठ्या टायपात छापलेले कागद, ओळीखाली हिरव्या शाईने खुणा. गळा तोच होता. पण नजर वर येत नव्हती. एका अंतऱ्यापाशी तो थांबला, पेटीवाल्याने एक आवर्तन भरून काढलं, कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी ते पुनःपुन्हा पाहिलं. असा तो पूर्वीही थांबायचा. तेव्हा हसून पेटीवाल्यालाच ओळ विचारायचा आणि टाळ्या मिळवायचा. आता त्याने कागदावर बोट ठेवलं होतं.

वहिनी फोनवर म्हणाली, ‘पूर्वी किल्ल्या विसरले की मी ओरडायचे. आता मी काही बोलत नाही. तेच माझ्याकडे बघतात.’

सान दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या लेखिका टारा लाइनवीव्हर. ५२ ते ८९ वयाची १४४ निरोगी माणसं. त्यातल्या ७४ जणांना आपलं एपीओई कोणतं ते ठाऊक होतं, ७० जणांना नव्हतं. दोन्हींकडे ई-चारवाले प्रत्येकी २५. सगळ्यांना दोन गोष्टी विचारल्या: तुमची स्मरणशक्ती तुम्हाला कशी वाटते, आणि मग प्रत्यक्ष परीक्षा. ज्यांच्याकडे ई-चार होतं आणि ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी आपल्या स्मरणाला जास्त कठोर गुण दिले. तेवढं अपेक्षितच. पण शाब्दिक स्मरणाच्या परीक्षेतही ते खाली गेले, आणि तेही ई-चार असूनही ठाऊक नसलेल्यांच्या तुलनेत. जनुक दोघांचंही तेच. फरक एका कागदाचा. उलट, ज्यांना ‘तुमच्याकडे ई-चार नाही’ असं कळलं होतं, त्यांना आपली आठवण झकास आहे असं वाटू लागलं. परीक्षेत मात्र ते एका गुणानेही वर गेले नाहीत. वाईट बातमी कामाला लागते, चांगली नुसती मिरवते.

एवढ्याशा अभ्यासावर इमारत बांधू नये, हे मला कळतं. दुसरी बाजूही आहे. बॉस्टनचे रॉबर्ट ग्रीन यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मुलामुलींना त्यांचं जनुक सांगून पाहिलं. १६२ जणांवरचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सांगितल्यामुळे चिंता किंवा नैराश्य लक्षणीय वाढलं नाही. माणसं बातमी पचवतात. दादाही हिंडतो-फिरतो, जेवतो, विनोद करतो. त्याला कोणी विचारलं तर ‘मला काही फरक पडला नाही’ असंच सांगेल, आणि ते खोटं नसेल. मन शाबूत राहतं, आणि तरी शब्द आठवायच्या क्षणी आपण स्वतःच्याच पाठीमागे उभे राहून पाहतो, आता येतो की नाही. आठवण अशी पहाऱ्यात येत नाही. कोणत्याही गवयाला विचारा.

ज्याला या रेणूंबद्दल सर्वांत जास्त ठाऊक असायला हवं होतं, त्या जेम्स वॉटसनने नेमकं हेच पाकीट उघडलं नाही. डीएनएचा जिना शोधणाऱ्या दोघांपैकी तो एक. २००७ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकक्रम त्याच्या हाती दिला गेला तेव्हा त्याने सगळं जाहीर करायला परवानगी दिली, फक्त एपीओई वगळून. त्याच्या एका आजीला अल्झायमर झाला होता. पुढे गंमत अशी झाली, की काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं: ते एक जनुक झाकून उपयोग नाही, आजूबाजूच्या खुणांवरून आत काय असेल त्याचा अंदाज बांधता येतो. मग शेजारपाजारचा बराच मोठा पट्टाही पुसावा लागला. वाड्यात राहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. आपल्या घरातलं गुपित शेजारच्या बिऱ्हाडाला आधी ठाऊक असतं.

माझं शेजारचं बिऱ्हाड म्हणजे दादा. त्याने पाकीट उघडलं तेव्हा माझंही अर्धं उघडलं. त्याचं ई-चार आईकडून आलं असेल किंवा वडिलांकडून. ज्यांच्याकडून आलं त्यांच्याकडे एकच प्रत असेल तर माझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी. आम्ही सगळे आपोआप आईकडे बोट दाखवतो. पण वडील बासष्टाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यांच्या विसरभोळेपणाला वेळच मिळाला नाही. ते जनुक त्यांचंही असेल. लहानपणी ठरलेली ती वाटणी, स्मरणशक्ती आईची आणि संथपणा वडिलांचा, आता तपासायला कोणी उरलेलं नाही. आणि मी चाचणी करून घेतली तर माझ्या मुलाचं पाकीटही अर्धं उघडणार. त्याला कोणी विचारलंय?

शिवाय हे जनुक सगळीकडे सारखं वागत नाही. बोलिव्हियातल्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांत, ज्यांच्या पोटात जंतांचं ओझं जास्त होतं त्यांच्यापैकी ई-चारवाल्यांची बुद्धी चाचण्यांत उलट चांगली भरली, असं २०१७ मध्ये दिसलं. इबादानमधल्या योरुबा लोकांत ई-चार भरपूर, पण अल्झायमरशी त्याचं नातं अमेरिकेतल्याइतकं घट्ट सापडलं नाही. माणसाच्या वंशात हाच सर्वांत जुना प्रकार, ई-तीन नंतरचं. लाखो वर्षं ज्याने कुठल्यातरी रोगराईत आपल्याला हात दिला असेल, त्याला आता एअरकंडिशन्ड दवाखान्यात आरोपी म्हणून उभं केलं आहे.

आपल्याकडचा मोठा अभ्यास हरयाणातल्या बल्लभगडचा. तिथल्या खेड्यांतल्या पंचावन्नच्या पुढच्या पाच हजारांवर लोकांना तपासलं. अल्झायमरचं प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघालं. पेनसिल्व्हानियातल्या मोनोन्गाहेला खोऱ्याशी तुलना केली तेव्हा ई-चारही बल्लभगडला कमी दिसलं, पण असेल तिथे धोका दोन्हीकडे साधारण सारखाच वाढवत होतं. मला त्यातल्या आकड्यांपेक्षा प्रश्नपत्रिका आवडली. बहुतेक वृद्ध निरक्षर. त्यांना ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद दाखवून काय उपयोग? मग मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी परीक्षा नव्याने बेतली. परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि म्हणतो, मी करतो तसं करा. वाक्य लिहा म्हणायच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. अवघड वजाबाक्यांच्या जागी आठवड्याचे वार उलटे. पुढे लासी या देशव्यापी वृद्ध-पाहणीच्या स्मृतिभ्रंशाच्या भागातही हीच प्रश्नावली वापरली गेली. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचा त्या पाहणीत मोठा वाटा आहे. तिच्यावरून २०२३ मध्ये आलेला अंदाज सांगतो, की साठीच्या पुढच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तो लपतोही सहज. एकत्र कुटुंबात आजीला कोणी हिशेब विचारत नाही, बाजारात पाठवत नाही. ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे चालत गेले म्हणून निदान हरवल्याचं कळलं. आपल्या घरातल्या कित्येक आज्या उंबऱ्याच्या आतच हरवतात.

तर मी चाचणी करून घेणार नाही. दादाने दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं. ‘घाबरलीस?’ म्हणाला. घाबरले असेन. पण जिच्यावर आज इलाज नाही अशा एका प्रतीपेक्षा ज्यांच्यावर आहे त्या गोष्टी पुष्कळ आहेत. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या अशा चौदा कारणांची यादी दिली, की ती सांभाळली तर जगातले साधारण ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टी. आणि श्रवण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कानाचं यंत्र दिल्याने सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता अशा वृद्धांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली.

हे वाचलं आणि मी दादाचा तो व्हिडिओ पुन्हा लावला. अंतऱ्यापाशी तो थांबतो तेव्हा उजवीकडे मान वळवतो, पेटीकडे डावा कान करतो. डाव्या कानाने ऐकू यावं म्हणून. वहिनीला विचारलं तर म्हणाली, टीव्हीचा आवाज केव्हापासूनच मोठा लागतो, त्यात नवं काय! जे कानांवर नीट पडलंच नाही ते आठवणार कुठून? दादाला फोन करून सांगितलं, ‘जनुकाचा कागद राहू दे, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.’ त्याने ‘बघू’ म्हटलं, म्हणजे जाणार नाही, वहिनी नेईल.

तुमच्या घरी कोणी सत्तरीच्या आसपास असेल आणि एकच गोष्ट दोनदा विचारू लागलं असेल, तर थुंकीची नळी मागवण्याआधी एवढं करा: रक्तदाब पाहा, साखर पाहा, कान तपासून घ्या. खर्च कमी येतो, आणि वाईट निघालं तरी त्यावर आजच काहीतरी करता येतं.